व्हॉल्व्हचे कवच आणि स्वदेशीची कसोटी

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड सोडले की आंबिवली येते. स्थानकाबाहेर मोहन्याच्या दिशेने निघालेल्या जुन्या माणसाला आजही पत्ता विचारला, तर तो 'एनआरसी'च्या खुणेनेच सांगतो. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा हा कारखाना स्वातंत्र्योत्तर काळातील औद्योगिक महाराष्ट्राच्या पहिल्या पिढीतला. त्याच्यामुळे वसाहत झाली, शाळा झाली, बाजारपेठ झाली, गणेशोत्सव झाले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कारखान्याला टाळे लागले आणि ते पुन्हा उघडले नाही. हजारो कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांच्या आणि आंदोलनांच्या वाटेने फिरत राहिला. २०२५ मध्ये त्याच जागेवर सिमेंट प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा जनसुनावणीत रहिवाशांनी कडाडून विरोध नोंदविला. त्या वादात आज शिरायचे नाही. या सगळ्या चर्चेत ज्या एका नुकसानीची नोंद कुणीच केली नाही, तिच्याविषयी लिहायचे आहे.

रेयॉनचे सूत तयार होते ते लाकडाच्या लगद्यापासून. त्या लगद्यावर आधी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया, मग कार्बन डायसल्फाइडची, आणि शेवटी गंधकाम्लाच्या कुंडात त्याचे धागे ओढायचे. एक द्रव्य अल्कधर्मी, दुसरे क्षणात पेट घेणारे व विषारी, तिसरे लोखंड खाणारे. ही तिन्ही द्रव्ये एकाच आवारात, शेकडो नळांतून, रात्रंदिवस वाहत असतात आणि त्यांना थांबविणारे, सोडणारे, वळविणारे साधन एकच, ते म्हणजे व्हॉल्व्ह. कुठल्या नळावर बिडाचे कवच चालेल, कुठे पोलादी लागेल, कुठे आतून रबराचे किंवा शिशाचे अस्तर हवे, हे पुस्तकात दिलेले असते. पण अमुक वळणावरचा व्हॉल्व्ह पावसाळ्यात का अडकतो, तमुक फ्लँजचे बोल्ट कोणत्या क्रमाने आवळले म्हणजे गळत नाही, कवचावर हातोडीची हलकी टिचकी मारल्यावर येणारा नाद बद्द असेल तर आत काय झाले असेल, हे पुस्तकात नसते. ते फिटरच्या हातात असते. आंबिवलीचा कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रांची मोजदाद झाली, जमिनीची झाली, देण्यांची झाली. या हातांतील ज्ञानाची मोजदाद करणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

वाचकांपैकी काहींना वाटेल की, राष्ट्रापुढे एवढे मोठे प्रश्न उभे असताना व्हॉल्व्हच्या कवचासारख्या क्षुल्लक वस्तूवर दोन पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. स्वदेशी या शब्दाचा उच्चार आपल्याकडे भरपूर होतो. परंतु स्वदेशीची खरी परीक्षा उदबत्ती आणि साबण यांच्या दुकानात होत नाही. ती अशा अनाम, रंग फासलेल्या, जमिनीखाली किंवा यंत्राच्या पोटात दडलेल्या वस्तूंमध्ये होते.

आधी हे कवच म्हणजे काय ते पाहू. व्हॉल्व्ह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे त्याचे चाक येते, फार तर आतली झडप. पण द्रवाचा सगळा दाब पेलतो तो बाहेरचा देह. कारखान्यात त्याला बॉडी किंवा हाउसिंग म्हणतात. आपण कवच म्हणू. त्याची कामे तीन. दाब सहन करणे, प्रवाहाला वाट देणे, आणि झडप जिथे टेकते ती बैठक तसूभरही न हलू देणे. तिन्ही कामे एकमेकांशी भांडतात. दाबासाठी भिंत जाड करावी तर ओतीव लोखंड जाड जागी उशिरा थिजते आणि आत पोकळी राहते. प्रवाहासाठी वाट सरळ ठेवावी तर नियंत्रण नीट होत नाही. ग्लोब व्हॉल्व्हच्या कवचात पाण्याला नागमोडी वळण घ्यावे लागते. तो पूर्ण उघडा असतानाही त्यात वाया जाणारा दाब पूर्ण उघड्या सरळ गेट व्हॉल्व्हच्या तुलनेत ढोबळमानाने पन्नासपट असतो. हा वाया गेलेला दाब पंपाला भरून काढावा लागतो, म्हणजेच वीजबिलात भरावा लागतो. उलटपक्षी, निव्वळ उघडण्या-मिटण्यासाठी केलेला गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून प्रवाह रोखण्यासाठी वापरला तर पाणी झडपेच्या कडेवरून वेगाने निसटते, झडप थरथरते, बैठक झिजते. आपल्या शहरांतून 'पाणी सोडणारा' कर्मचारी नेमके हेच रोज करीत असतो. दोष त्याचा नाही. पाणी कमी आणि वाड्या अधिक, तेव्हा प्रत्येकीला थोडे थोडे द्यायचे तर त्याच्या हाती दुसरे साधन नसते.

आंबिवली-मोहने परिसराला तर हे सांगायची गरज नाही. उल्हास नदीचे पाणी उचलून कल्याण-डोंबिवलीला पाजणारे मोहिलीचे केंद्र याच पट्ट्यातले. तिथला एखादा मोठा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला की डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरची गृहिणी बादल्या भरून ठेवते. तिला व्हॉल्व्हचा व्यास ठाऊक नसतो. त्याचे कवच कुठल्या भट्टीत ओतले गेले, हे तर तिच्यासाठी दूरचेच.

आता हे कवच तयार कसे होते? ज्यांनी ओतशाळा पाहिली नाही त्यांनी एकदा कोल्हापूरला जावे. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या परिचिताच्या मध्यस्थीने अर्धा दिवस काढावा. व्हॉल्व्हचे कवच आतून पोकळ असते; ही पोकळी निर्माण करण्यासाठी वाळूचा गाभा, ज्याला तिथे सगळे 'कोअर'च म्हणतात, साच्यात बेतून ठेवावा लागतो. मग चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस त्याच्याभोवती ओततात. रस थिजताना आक्रसतो. बीड साधारण शंभरात एक भाग, पोलाद दोन भाग. म्हणून पॅटर्न करणाऱ्या सुताराची मापपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा! ही पट्टी पहिल्यांदा हातात घेतली की माणूस गोंधळतो. गाभा दोन मिलिमीटर सरकला तर कवचाची एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. वरून कुणाला काही दिसत नाही. फ्लँज आणि देह जिथे जुळतात तिथे धातूचा गोळा जमतो, तो शेवटी थिजतो, आणि त्याच्या पोटात स्पंजासारखी जाळी राहते. अशा कवचात पाणी भरून दाब दिला की धार लागत नाही, त्याला नुसता घाम फुटतो. प्रामाणिक कारखानदार ते कवच पुन्हा भट्टीत टाकतो. अप्रामाणिक माणूस लांबी भरतो, वरून निळा रंग देतो आणि माल रवाना करतो.

कवचाची चाचणी साधारणतः त्याच्या नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट दाबाने करावी, असा जगभरचा दंडक आहे. पाणीपुरवठ्याच्या स्लूस व्हॉल्व्हसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १४८४६. म्हणजे नियमांची वाण नाही. वाण आहे ती नियम पाळून घेण्याच्या आग्रहाची. निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देण्याच्या आपल्या रूढीने देशभरातील कितीतरी चांगल्या ओतशाळांना नामोहरम केले आहे. एक किलो धातू वाचविला, चाचणीचा एक तास वाचविला, की दर खाली येतो. जो वाचवीत नाही तो स्पर्धेतून बाद होतो. आणि मग आपणच हळहळतो की, देशी माल टिकत नाही, परदेशी बरा. स्वदेशी मालाची बदनामी परकीयांनी केली नाही इतकी आपल्या या निविदा-संस्कृतीने केली.

येथे एक आत्मपरीक्षण केल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तंत्रज्ञान नाकारण्याचा जगाचा पवित्रा आपण पुरेपूर भोगला आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि राजस्थानातील दुसरी अणुभट्टी आपल्या अभियंत्यांनी स्वबळावर पूर्ण केली. १९९० च्या दशकाच्या आरंभी क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाने देऊ नये म्हणून अमेरिकेने निर्बंधांचा बडगा उगारला. १९९८ नंतर पुन्हा तेच. या सगळ्यातून देश तावून-सुलाखून निघाला, याचा अभिमान प्रत्येक स्वयंसेवकाच्या मनात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु १० जुलै २००६ रोजी जीएसएलव्ही-एफ ०२ श्रीहरिकोट्याहून उडाले आणि काही क्षणांतच भरकटून नष्ट करावे लागले, त्याचे कारण कोणत्या परकीय कारस्थानात नव्हते. चार द्रव-इंधन जोड-अग्निबाणांपैकी एकाच्या इंजिनातील प्रवाह-नियामक बंद स्थितीतही जितका रस जाऊ द्यायला हवा त्याहून पुष्कळ अधिक जाऊ देत होता. चौकशी समितीने म्हटले की, हे बहुधा निर्मितीतील अनवधानाच्या चुकीमुळे झाले आणि ती चूक पुढील तपासणीतूनही निसटली. नियामक म्हणजे तरी काय? एक व्हॉल्व्हच. पुढच्याच वर्षी २ सप्टेंबर २००७ रोजी त्याच वर्गाचे यान यशस्वी झाले.

इतिहासाने आणखी एक धडा दिला. १२ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे जीएसएलव्ही-एफ १० उडाले. पहिले दोन टप्पे चोख पार पडले. तिसरा, क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. द्रव हायड्रोजनच्या टाकीत जितका दाब हवा तितका उरला नव्हता, कारण टाकीवरचा दाब-मोचक व्हॉल्व्ह गळत होता. त्याच्या मृदू सीलला इजा झाली असावी, असे विश्लेषणात निघाले. इजेची संभाव्य कारणे सांगताना समितीने एक कारण नोंदविले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. अतिशीत तापमानात व्हॉल्व्हच्या जोडणीमुळे त्याच्या अंगावर येणारा ताण! उणे २५३ अंशांच्या परिसरात धातू आक्रसतो. व्हॉल्व्ह ज्या जागी बसविला ती जागा आणि व्हॉल्व्हचा देह सारखेच आक्रसले नाहीत तर देह पिळला जातो आणि आतली बैठक आपली जागा सोडते. म्हणजे झडप निर्दोष, सील निर्दोष, तरी कवच पिळले की सगळे व्यर्थ. २९ मे २०२३ रोजी जीएसएलव्ही-एफ १२ ने नेमून दिलेल्या कक्षेत उपग्रह सोडला, तेव्हा त्या अपयशाचे परिमार्जन झाले. इस्रोचे मोठेपण केवळ या यशांत नाही. स्वतःची चूक शोधून, तिला नाव देऊन, जाहीर करण्याचे धैर्य तिच्यापाशी आहे. आपल्या किती नगरपालिका, किती कारखाने, किती शासकीय खाती फुटलेल्या व्हॉल्व्हची अशी शवचिकित्सा करतात?

हा पिळाचा धडा बेळगावच्या उद्योजकांना अग्निबाणाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. सीमाभागातील हे आपले शहर भाषेच्या लढ्यासाठी महाराष्ट्राला माहीत आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हसाठी माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांत तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. पॉलीहायड्रॉन हे त्यातले अग्रगण्य नाव, आणि ते उभे करणारे सुरेश हुंदरे नीतिमान उद्योगाच्या आग्रहासाठी देशभर ओळखले गेले. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कवचात आरपार छिद्र असते आणि त्यात एक दांडा सरकतो. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. फट वाढली तर तेल निसटते, घटली तर दांडा अडकतो. असे कवच यंत्रावर बसविताना चार बोल्टांपैकी एक अधिक आवळला तरी लोखंडाचा तो ठोकळा, जो आपल्याला वज्रासारखा वाटतो, किंचित वाकतो आणि दांडा थांबतो. ग्राहक म्हणतो व्हॉल्व्ह खराब. व्हॉल्व्ह चांगलाच असतो. बसविणारा हात कच्चा असतो. म्हणून चांगल्या उत्पादकाला माल विकून भागत नाही, बसविणाऱ्याला शिकवावेही लागते.

संशोधन म्हणजे पांढऱ्या डगल्यातील माणसांनी काचेच्या नळ्यांत केलेले काहीतरी, हा आपला समज या क्षेत्रात पार कोसळतो. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने कृत्रिम हृदयझडप घडविली, ती कथा प्रत्येक शाळेत सांगायला हवी. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालील चमूने पहिल्या प्रतिमानात टायटॅनियमचे कवच केले, त्याचा जोड टिकला नाही. दुसऱ्यात चकती नीलमण्याची केली, तर तिने टायटॅनियमचे दांडे झिजविले. तिसऱ्यात कवच कोबाल्ट-क्रोमच्या कठीण मिश्रधातूचे केले, तेव्हा चकतीच फुटली. चौथ्या खेपेला त्याच मिश्रधातूचे कवच आणि विशिष्ट पॉलिथिलीनची चकती, ही जोडी जमली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली आणि पुढे लाखाहून अधिक रुग्णांच्या छातीत ती धडधडत राहिली, परदेशी झडपेच्या किमतीच्या अंशात. तीनदा हरल्यावरही या लोकांना चौथी संधी देणारी संस्था त्यांच्या पाठीशी होती, हे विसरता कामा नये. खासगी लेखापालाने दुसऱ्याच अपयशाला दप्तर बंद केले असते.

सुदैवाने साधने आज हाताशी आहेत. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक बी. रवी यांनी ओतकामाचे संगणकीय प्रतिमान करणारे 'ऑटोकास्ट' विकसित केले. साच्यात रस कसा थिजेल, पोकळी कुठे राहील, हे रस ओतण्याआधीच पडद्यावर दिसते. व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जातो, किती दाब वाया जातो, हे मोजणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून केरळात पालक्काड येथे आहे. खडकवासल्याचे जल व विद्युत संशोधन केंद्र तर १९१६ पासूनचे. एवढे असून आपल्या ओतशाळांतील कितीतरी साचे आजही जुन्या मिस्त्रीच्या अंदाजावर पडतात. मिस्त्रीचा अंदाज मी कमी लेखत नाही. तो पुष्कळदा संगणकाइतकाच अचूक असतो. परंतु मिस्त्री निवृत्त होतो, आणि त्याचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत असतो. मिस्त्रीचा अंदाज आणि पवईचा पडदा यांची गाठ घालून देणे, हेच खरे राष्ट्रकार्य. दत्तोपंत ठेंगडींनी भारतीय मजदूर संघामार्फत विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून रुजविला, त्यामागे हातांचा आणि बुद्धीचा हा विच्छेद मिटविण्याचीच दृष्टी होती. आपण मात्र त्या दिवशी यंत्राला हळदकुंकू वाहतो, पेढे वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत कमी दराची निविदा उघडतो.

१९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी वसविली तेव्हा त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी हात लावायला तयार नव्हता. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हटले नाही. नांगर चालवून दाखविला, दोष निघाले ते दुरुस्त केले. ओतीव लोखंडाविषयीचा विश्वास या मातीत असा, एकेका फाळाने रुजला आहे.

मग आंबिवलीत करायचे काय? मला भव्य योजना सुचवायची नाही. ठाणे जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, मुंबईत जिजाबाई तंत्रशिक्षण संस्थेसारखी १८८७ ची परंपरा आहे. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारांत फुटलेले, गळलेले, झिजलेले व्हॉल्व्ह भंगाराच्या लिलावाची वाट पाहत पडून असतात. लिलावापूर्वी त्यांतील प्रत्येकी एक महाविद्यालयाला द्यावा. मुलांनी तो करवतीने उभा चिरावा, भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजावी, पोकळी कुठे आहे, बैठक कोणत्या बाजूने खाल्ली गेली, याचे छायाचित्र काढावे. शेजारी मोहन्यातला एखादा निवृत्त फिटर बसवावा, त्याला मानधन द्यावे आणि तो जे सांगेल ते मुलांनी लिहून घ्यावे. एनआरसीतील ती पिढी आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहे. दहा वर्षांनी हे करू म्हटले तर सांगणारा उरणार नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला जो प्रकल्प करावा लागतो, जो आजकाल पुष्कळदा पैसे मोजून तयार आणला जातो, त्या जागी हा प्रकल्प ठेवता येईल. चिरलेल्या व्हॉल्व्हची ती नोंदवही, उत्पादकाचे नाव आणि ओतकामाचा क्रमांक यांसह, पुढच्या निविदेच्या वेळी टेबलावर असावी. यासाठी कायद्यात बदल लागत नाही. अभियंत्याने निविदेच्या अटींत एवढेच लिहायचे की, कवचाची दाबचाचणी खात्याच्या प्रतिनिधीसमक्ष, रंग देण्यापूर्वी होईल.

'रंग देण्यापूर्वी' हे दोन शब्द मला मोहन्यातल्याच एका वृद्ध फिटरने सांगितले. तो म्हणाला, "साहेब, रंग लावलेल्या व्हॉल्व्हची चाचणी म्हणजे पावडर लावलेल्या नवरीची नाडी बघण्यासारखं. आधी पाण्यात बुडवा, घाम बघा, मग रंग लावा." आम्ही बोलत होतो तेव्हा त्याच्या हातात नेहमीची छोटी हातोडी होती. घरच्या नळाची चावी गळत होती, तेवढ्यासाठी त्याने ती काढली होती.